आईने भिशीला जावं

‘आता त्याचा त्रास काही नाही हो. पण करतही काही नाही.’

स्किझोफ्रेनिया असलेल्या घरांत हे वाक्य हमखास ऐकू येतं, पण पहिल्या वर्षी नाही. पहिलं वर्ष धावपळीत जातं. शेजारी माझ्याबद्दलच बोलतात, टीव्हीवरचा माणूस मलाच खुणा करतो, भाजीत कुणीतरी काहीतरी कालवलंय, असं मुलगा शपथेवर सांगू लागतो. मग अंगारा, उतारा, कुणीतरी सुचवलेलं देवस्थान. मग डॉक्टर, गोळ्या, कधी अ‍ॅडमिट करणं. त्या दिवसांत माणसं धावून येतात. काका गाडी काढतात, मामा रात्र जागवतो. पुढे गोळ्या लागू पडतात, कानातले आवाज मागे पडतात आणि पाहुणे आपापल्या घरी जातात. मागे राहतो तो अकरापर्यंत पांघरुणात असलेला, आंघोळीला दहादा सांगावं लागणारा, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला अडकलेला एक तरुण. आणि त्याच्याकडे दिवसभर बघणारे दोघं.

घराची खरी दमछाक इथे होते. उमेद ओसरणं, बोलणं आटणं, चेहऱ्यावर काही न उमटणं, कशातच गोडी न वाटणं, हा आजाराचाच भाग आहे. भासांवर गोळ्या जितक्या चालतात तितक्या यावर चालत नाहीत. शिवाय काही गोळ्यांची स्वतःची सुस्ती असते ती वेगळीच. पण भास झाले तर आजार आणि लोळत पडला तर आळस, अशी घराने सरळ वाटणी करून टाकलेली असते. त्यामुळे ज्या वडिलांनी भासांच्या काळात तोंडातून शब्द काढला नव्हता, ते आता पेपर खाली ठेवून बोलू लागतात. ‘तुझ्या वयाची मुलं बघ कुठे पोचली.’ ‘गोळ्या खायच्या आणि झोपायचं, मजा आहे.’ आईचं नेमकं उलट. ती ताट हातात देते, नखं कापते, पाणी काढते, बाथरूमला वेळ लागला की दार वाजवते. तो बाहेर पडला की गॅलरीतून बघत राहते. तिने माहेरी जाणं सोडलंय, लग्नकार्यं सोडलीत, भिशी तर केव्हाच सोडलीय. सगळे म्हणतात, धन्य ती माउली.

१९५०च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन नावाचा समाजशास्त्रज्ञ मनोरुग्णालयांतून घरी गेलेल्या माणसांचं पुढे काय होतं ते बघत होता. जे आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परतले ते पुन्हा आजारी पडून जास्त प्रमाणात परत येत होते. जे भाड्याच्या खोलीत किंवा भावंडांकडे राहिले त्यांचं त्या मानाने बरं चाललं होतं. जिथे सगळ्यात जास्त माया, तिथेच आजार जास्त उलटावा हे चमत्कारिक होतं. मग नातेवाइकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून, ते काय बोलतात याबरोबरच कोणत्या आवाजात बोलतात हेही तपासलं जाऊ लागलं. तीन गोष्टी पुन्हा पुन्हा पुढे आल्या. एक, टोचून बोलणं. दुसरी, उघड राग-तिटकारा. आणि तिसरी म्हणजे त्या माणसात स्वतःला इतकं गुंतवून टाकणं की दोघांच्या मध्ये हवा खेळायला जागाच राहू नये. म्हणजे वडिलांचे टोमणे आणि आईचा त्याग, दोन्ही एकाच यादीत. १९७६मध्ये क्रिस्टीन वॉन आणि ज्युलियन लेफ यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. अशा तापलेल्या घरातही रुग्ण गोळ्या घेत असेल आणि त्या नातेवाइकासमोर आठवड्याला ३५ तासांपेक्षा कमी वेळ असेल, तर आजार उलटण्याचा धोका बराच उतरतो.

इथे घाई करून कुणी आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नये. तेही करून झालेलं आहे. आईच्या वागण्यामुळेच हा आजार होतो, असं अमेरिकेतल्या मनोविश्लेषकांनी १९४०च्या दशकात छातीठोकपणे मांडलं होतं आणि पुढची कित्येक वर्षं तिथल्या आया ते ओझं वाहत होत्या. त्या सिद्धांताला काही आधार नव्हता. आजार आनुवंशिकतेतून आणि मेंदूच्या घडणीतून येतो, त्यात इतरही गोष्टींची भर पडते. ब्राउन आणि त्याच्या नंतरच्या लोकांनी सांगितलं ते आजार उलटण्याबद्दल, तो होण्याबद्दल नाही. आणि वर्षानुवर्षं असं माणूस सांभाळताना आवाज चढणं किंवा जीव अडकून पडणं, यात जगावेगळं काय आहे?

ब्राउनच्या पद्धतीची हीच मोजणी पुढे चंदीगडला आणि आसपासच्या खेड्यांत झाली. १९८७मध्ये तिचे निष्कर्ष छापून आले. लंडनच्या तुलनेत इथल्या घरांत टोचणी आणि गुंतणं दोन्ही कमी निघालं, खेड्यांत तर फारच कमी. का, याचा माझा अंदाज असा की जिथे अंगण, गोठा, शेत आणि चार माणसं असतात, तिथे एकच एक माणूस दुसऱ्या एकाच माणसासमोर दिवसभर बसून नसतो. गुरांमागे गेलेल्या मुलाला ‘करिअरचं काय’ असं कुणी विचारत नाही. पण हा दाखला देऊन आपल्या कुटुंबव्यवस्थेची पाठ थोपटायला मी तयार नाही. आज ठाण्यात, पुण्यात, नाशकात दोन खोल्यांचा फ्लॅट, निवृत्त वडील, घरीच असणारी आई आणि घरीच असणारा मुलगा, असा संसार असतो. सोमवारी सकाळी मोजायला घेतले तर ते ३५ तास बुधवारीच संपतात.

म्हणून म्हणतो, आईने भिशीला जावं. वडिलांनी रोज दोन तास ग्रंथालयात, देवळाच्या पारावर, कुठेही जाऊन बसावं. मुलाला झेपेल तिथे, एखाद्या दिवस-केंद्रात, ओळखीच्या दुकानात, नुसतं कोपऱ्यावरून दूध आणायला, एकट्याने जाऊ द्यावं. यातला कुठलाच तास चोरलेला नाही. तो उपचारात धरायचा. अर्थात सोसायटीच्या जिन्यात कुणीतरी म्हणणारच, ‘मुलगा असा आणि ही बघा नटून निघाली.’ अशांना आपण उत्तर देत नाही, आणि त्यामुळेच आई भिशी सोडते. (मुलीचा आजार असेल तर हीच मंडळी ‘लग्न करून टाका, होईल बरी’ म्हणतात. त्या सल्ल्याने मोडलेली घरं कमी नाहीत.)

गोळ्यांचंही असंच. दिवसातून चार वेळा ‘घेतलीस का?’ हा प्रश्न काळजीपोटीच येतो, पण ज्याच्या मनात आधीच संशय आहे त्याला तो पाळतीसारखा लागतो. दोन आठवड्यांनी किंवा महिन्याने घ्यायचं इंजेक्शन आता अनेकांना देता येतं. डॉक्टर त्याचे गुण सांगतात ते औषधाच्या बाजूने. मला दिसतो तो त्याचा आणखी एक गुण: जेवणाच्या टेबलावरचं रोजचं भांडण एकदम नाहीसं होतं. मग जेवताना दुसरं काही बोलता येतं.

हे सगळं घरच्यांना शिकवणार कोण? डॉक्टरांकडे बाहेर रांग असते. अमृतसरच्या मनोरुग्णालयात १९५०च्या दशकात डॉ. विद्यासागर यांच्याकडे जागा अपुरी होती, तेव्हा त्यांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांबरोबर नातेवाइकांनाही राहायला बोलावलं. ती माणसं एकमेकांची पोरं बघत शिकली. आपलाच मुलगा असा नाही हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. महाराष्ट्रात ते काम स्वमदत गटांनी केलं. डॉ. जगन्नाथ वाणी मूळचे धुळ्याकडचे, कॅनडातल्या कॅल्गरीला प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीलाच हा आजार होता. त्यांच्या पुढाकाराने १९९७मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू झाली. अशा गटांत आजारी माणसाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. नवी आई पहिल्या बैठकीत नुसती रडते. दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीला दुसऱ्या कुणाला तरी सांगत असते, ‘अहो, आंघोळ कर म्हणू नका. पाणी काढलंय एवढंच म्हणा आणि तिथून निघून जा.’ हे वाक्य कुठल्याच प्रिस्क्रिप्शनवर मिळत नाही.

मात्र एक प्रश्न असा आहे की तो आला की गटातही शांतता पसरते. आमच्यानंतर काय? वाणींच्याच प्रयत्नांतून आलेल्या ‘देवराई’ या २००४च्या चित्रपटात भावाला सांभाळायला बहीण उभी राहते, आणि तिचा संसार त्यात कसा ताणला जातो तेही दिसतं. भावंडं आहेत म्हणजे सोय झाली, असं नसतं. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात निवारा, आधार असलेली निवासस्थानं, हाफ-वे होम ही शासनाची जबाबदारी म्हणून लिहिलेली आहे. प्रत्यक्षात ती फार थोडी आहेत आणि खाजगी जागांचं महिन्याचं शुल्क पेन्शनमध्ये बसत नाही. वडील सरकारी नोकरीतले असतील तर कमावू न शकणाऱ्या अशा मुलाला कुटुंब निवृत्तिवेतन हयातभर मिळू शकतं. मात्र त्यासाठी दिव्यांगत्वाचा दाखला आणि कार्यालयातली नोंद वडिलांच्या हयातीत करून ठेवलेली बरी. २०१७च्याच कायद्याने आजारी माणसाला आणखी एक अधिकार दिलाय: आपल्या वतीने कोण बोलेल, ते नाव तो स्वतः लिहून देऊ शकतो. आपल्याकडे हा कागद फार थोड्या घरांत असतो, कारण तो कोणाचं नाव लिहील हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

तेव्हा पुढच्या तारखेला ओपीडीत त्याच्याबरोबर आईवडिलांऐवजी, असेल तर, धाकट्या बहिणीने जावं. फाइल तिच्या हातात असू दे, गोळ्यांची नावं तिला पाठ होऊ देत. डॉक्टरांच्या समोर मात्र त्याने बोलावं, तिने मध्ये बोलू नये. चाचपडत का होईना, तो बोलतो. अशा वेळी अनेकांची पहिली तक्रार आवाजांची नसते. ती असते गोळ्यांनी वाढलेल्या वजनाची, आणि जुनी पँट होत नाही याची.