तीच गाडी, वेगळा आकडा

सहाशे सीसीची जुनी रेसिंग मोटरसायकल साडेनऊशे सीसीची केली, तर ती तीच मोटरसायकल राहते का? प्रश्न गॅरेजमधला वाटतो, पण माझा तो पिच्छा सोडत नाही. जुन्या वाड्याच्या सागवानी दाराला ऑइलपेंट फासलेला दिसला तरी मला त्रास होतो. म्हणजे मूळ वस्तू मूळ रूपात जपावी, या बाजूचा मी. आणि तरीही मला सगळ्यात आवडणारी मोटरसायकल अशी आहे, जिच्या इंजिनात मूळचं फारसं काही उरलंच नव्हतं.

न्यूझीलंडमधल्या इन्व्हरकारगिलच्या बर्ट मन्रोने 1920 साली 'इंडियन स्काउट' विकत घेतली. नावावर जाऊ नका, 'इंडियन' ही अमेरिकन कंपनी. गाडी 600 सीसीची, कशीबशी ताशी नव्वद किलोमीटरपर्यंत जाणारी. मन्रो पुढची चाळीसेक वर्षं तिच्या मागे लागला. 1962 साली अमेरिकेत, बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर, त्याने 883 सीसीच्या गटात विक्रम केला. तेव्हा इंजिन 850 सीसीचं झालं होतं. 1967 साली ते 950 सीसीचं होतं, गट 1000 सीसीचा आणि वेग ताशी सुमारे 296 किलोमीटर. गाडीचं वय 47, त्याचं 68.

सीसी वाढवणं म्हणजे पिस्टन जेवढी जागा व्यापतो ती वाढवणं. त्याचे रस्ते दोन. सिलिंडर रुंद करायचा, म्हणजे बोअर वाढवायचा, किंवा पिस्टनची वरखाली धाव, म्हणजे स्ट्रोक लांबवायचा. बोअर दहा टक्के वाढवला की सीसी एकवीस टक्के वाढते, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. आपल्याकडे झिजलेला ब्लॉक बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकतात, त्याचंच हे टोकाचं रूप. पण फुकट काही मिळत नाही. आहे तोच सिलिंडर बोअर केला तर भिंत पातळ होते. स्ट्रोक वाढवला तर तेवढ्याच फेऱ्यांत पिस्टनला जास्त अंतर धावावं लागतं आणि कनेक्टिंग रॉडवरचा ताण वाढतो. कारखान्याने धातूत जी सुरक्षिततेची शिल्लक ठेवलेली असते, ती खर्च करून हा वेग येतो.

मन्रोने ही किंमत पुरेपूर मोजली. पिस्टन तो घरीच ओतायचा, कनेक्टिंग रॉड हाताने घडवायचा. कितीतरी भाग फुटले. ते त्याने शेडमधल्या फळीवर मांडून ठेवले होते, वेगाच्या देवाला वाहिलेला नैवेद्य म्हणून.

मग ती 1920 ची स्काउट राहिली का? हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, तू रथातून आलास, तर रथ म्हणजे काय? आस? चाकं? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. 'रथ' हे सगळ्यांच्या जुळणीला दिलेलं व्यवहारातलं नाव, एवढंच उरतं. छत्रपती संभाजीनगरात मिलिंद महाविद्यालय ज्या परिसरात आहे, त्याचं नागसेनवन हे नाव याच भिक्षूचं.

या युक्तिवादाने मन्रोची गाडी सहज सुटते. पण मला इथेच थांबता येत नाही. नाव हा व्यवहार असेल, तर व्यवहाराला दुसरी बाजू असते. कुणीतरी ते नाव ऐकून विश्वास ठेवत असतं.

व्हिंटेज गाड्यांच्या शर्यतीत गट सीसीवर पाडतात. समजा, एकाने 350 सीसीच्या गटात गुपचूप 380 सीसीचं इंजिन आणलं. बाहेरून काही दिसत नाही, मोजल्याशिवाय कळणारही नाही. शेजारचा मनुष्य 350 वर प्रामाणिकपणे झगडून हरतो. हे नुकसान उघड आहे. दुसरं नुकसान मला जास्त मोठं वाटतं. ट्रॅकवर धावणारी जुनी गाडी ही तिच्या काळाची साक्षीदार असते. त्या काळच्या कारागिरांना 350 सीसीतून काय साधलं होतं, ते ती आपल्याला दाखवते. आतला आकडा लपवला की साक्ष खोटी होते, आणि ज्यांच्याबद्दल ती दिली जाते ते खुलासा करायला हयात नसतात.

मन्रोची साक्ष खरी आहे. इंजिन वाढलं तसा त्याने गट बदलला. 1920 च्या कारखान्याची करामत म्हणून त्याने ती कधी खपवली नाही. एका माणसाने एका यंत्रावर घातलेल्या आयुष्याची ती गोष्ट आहे.

एक आक्षेप मात्र उरतो. गाडी तिच्या जातीतली शेवटची असेल तर? कापलेला धातू परत येत नाही. अशा वेळी मालकी हक्काचा युक्तिवाद मला तोकडा वाटतो. मूळ सिलिंडर काढून जपावेत, प्रयोगासाठी नवे घडवावेत. खर्च वाढेल, पण पुढच्या पिढीचा पाहण्याचा हक्क आपल्या हौसेपायी खर्ची पडू नये.

मन्रो 1978 साली वारला. 1967 च्या विक्रमात बेरजेची चूक होती, हे पुढे त्याच्या मुलाच्या लक्षात आलं आणि 2014 साली अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशनने आकडा दुरुस्त केला. ताशी सुमारे 183.59 मैलांचे 184.09 झाले. अर्ध्या मैलाने कुणाचं काही अडलं नव्हतं. माणूस जाऊन 36 वर्षं झाली होती. तरी आकडा बरोबर असावा, असं लोकांना वाटलं. गाडीतलं काय काय बदललं याचा हिशेब मी आता ठेवत नाही. तिच्याबद्दल सांगितला जाणारा आकडा खरा आहे का, एवढंच विचारतो.