एका मदरशाची दोन खाती

१४७२ साल. त्या वर्षाच्या सुरुवातीला बहामनी फौजांनी विजयनगरच्या ताब्यातला गोवा घेतला. त्याआधीची जवळजवळ दोन वर्षं हीच फौज कोकणात होती. संगमेश्वरच्या राजाशी लढत होती, खेळणा किल्ल्यासाठी, म्हणजे आजच्या विशाळगडासाठी झुंजत होती. आणि त्याच सुमाराला तिकडे बिदर शहरात एक मदरसा बांधून पूर्ण झाला. तीन मजली, दोन मिनारांचा, निळ्या-पिवळ्या-पांढऱ्या फरश्यांनी मढवलेला. कोकणातल्या फौजेचा सेनापती आणि या मदरशाचा कर्ता हा एकच माणूस होता, महमूद गावान.

माझं आजोळ संगमेश्वर तालुक्यात आहे, आणि नोकरीमुळे मी राहते लातूरला. त्यामुळे बिदरला जायचं ठरवलं तेव्हा हा योगायोग मला जरा जास्तच टोचत होता.

लातूर रोडहून निघालेली रेल्वे उदगीर, कमालनगर, भालकी करत बिदरला पोचते. वाटेत कधी राज्य बदललं ते कळत नाही. डब्यातलं बोलणं मराठी, कानडी, दखनी असं मिसळत जातं. तसं आपल्याला बिदर लहानपणीच भेटलेलं असतं, दामाजीपंतांच्या गोष्टीत. दुष्काळात मंगळवेढ्याची सरकारी कोठारं लोकांसाठी उघडणारे दामाजी, आणि त्या धान्याचे पैसे भरायला बिदरच्या बादशहापुढे उभा राहिलेला विठू महार. त्या गोष्टीतलं बिदर म्हणजे हिशोब मागणारं शहर.

जुन्या शहराच्या मध्यावर चौबारा नावाचा गोल बुरूज आहे. तिथून किल्ल्याकडे जाणारा रस्ता धरला की थोड्याच अंतरावर मदरसा लागतो. दुकानं, रिक्षा, फळांच्या गाड्या, आणि त्यांच्यामागून अचानक वर गेलेला मिनार. शंभर फुटांच्या घरातला. अंगावर नागमोडी पट्ट्यांची नक्षी, फरश्या बऱ्याच गळून पडलेल्या, पण उरलेल्यांचा निळा रंग अजून उन्हात डोळ्यांत भरतो. मिनार एकच आहे. दुसरा, दक्षिणेकडचा, शेजारच्या भिंतींसकट सतराव्या शतकाच्या अखेरीस उडाला. तेव्हा बिदर मोगलांकडे होतं आणि मदरशात दारूगोळा साठवला होता. त्याचा स्फोट झाला. त्यामुळे आज समोरून पाहिलं तर अर्धी इमारत भरगच्च आणि अर्धी उघडी दिसते, एखाद्या घराचा छेद काढून दाखवावा तशी.

आत चौक आहे आणि त्याच्या भोवतीनं खोल्या. छत्तीस खोल्या विद्यार्थ्यांसाठी, सहा दालनं शिक्षकांसाठी. शिवाय मशीद, व्याख्यानाची दालनं आणि ग्रंथालय. ग्रंथालयात तीन हजार हस्तलिखितं होती असं सांगतात. शिकणाऱ्यांची राहण्या-जेवण्याची सोय मोफत होती. ही सगळी रचना इराणी मदरशांच्या धर्तीवर आहे, कारण गावान मूळचा गीलानचा, कॅस्पियन समुद्राकाठचा. व्यापारी म्हणून तो समुद्रमार्गे आपल्या दाभोळला उतरला आणि तिथून बिदरला आला. पुढे तीन सुलतानांची चाकरी करत तो राज्याचा वजीर झाला.

मी त्यातल्या एका खोलीत जाऊन बसले. भिंती इतक्या जाड की बाहेर कडक ऊन असताना आत गारवा होता. चौकाच्या सावलीत तीन मुली स्पर्धा परीक्षेची जाडजूड पुस्तकं उघडून बसल्या होत्या. एकीच्या हातात हायलायटर होता. साडेपाचशे वर्षांनंतरही इथं कुणीतरी पाठांतर करतंय याचा मला इतका आनंद झाला, की लगेच पुढचा प्रश्न आलाच. या आनंदाचे आभार मानायचे ते कुणाचे?

सोपी उत्तरं तीन आहेत, आणि ती मी स्वतःला आलटून पालटून देऊन पाहिली.

पहिलं, तो काळच तसा होता. हे खरं आहे, पण त्यानं काही सुटत नाही. काळ सगळ्यांसाठी सारखा नव्हताच. याच वर्षांत अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौल, जुन्नर करत बिदरला आला होता. खेड्यातली माणसं किती हलाखीत आहेत आणि सरदार किती ऐषारामात, हे त्यानं लिहून ठेवलंय. म्हणजे त्या काळातल्या माणसालाही हे दिसत होतं, खटकतही होतं. मग ‘तो काळ’ नेमका कुणाचा धरायचा? सरदाराचा, खेडुताचा की निकितिनचा?

दुसरं, कलाकृती वेगळी आणि कर्ता वेगळा. हे कवितेबद्दल एक वेळ चालेल. इमारत मात्र पैशानं, माणसांनी आणि हुकमानं उभी राहते. कर्ता बाजूला काढला तर विटाच वर चढत नाहीत.

तिसरं उत्तर आपण सर्वांत जास्त वापरतो. बेरीज-वजाबाकी. एका बाजूला मदरसा, ग्रंथालय, जमिनीची मोजणी, कारभारातल्या सुधारणा. दुसऱ्या बाजूला कोकण आणि गोवा. शेवटी शिल्लक काय ते बघायचं आणि माणूस चांगला की वाईट ते ठरवून टाकायचं. फोनवर इतिहासाची भांडणं वाचा, दोन्हीकडचे लोक हेच करत असतात. फक्त दोघांच्या वह्यांमधली रक्कम वेगळी असते.

मला ही वजाबाकी मुळातच चुकीची वाटते. कारण दोन्ही बाजूंचे धनको वेगळे आहेत. इथल्या खोलीत फुकट जेवलेला मुलगा आणि संगमेश्वरच्या बाजूला जो कुणी या युद्धात मेला तो, ही दोन वेगळी माणसं आहेत. पहिल्याला मिळालेल्या जेवणातून दुसऱ्याचं देणं फिटत नाही. आणि दुसऱ्याच्या मरणानं पहिल्याच्या जेवणाची चव खोटी ठरत नाही. शेजाऱ्याचे पैसे बुडवून मी देवळाला देणगी दिली, तर देऊळ उभं राहील. शेजाऱ्याचे पैसे मात्र बुडालेलेच राहतील.

गंमत अशी, की वेगळी खाती ठेवणं ही खुद्द गावानचीच ख्याती होती. फरिश्तानं दिलेली हकिकत अशी : गावानच्या विरोधातल्या सरदारांनी त्याच्या शिक्क्याचा ठसा एका कोऱ्या कागदावर मिळवला आणि त्यावर ओडिशाच्या राजाला स्वारीचं आमंत्रण देणारं पत्र लिहिलं. सुलतानानं पत्र पाहिलं आणि शहानिशा न करता सत्तरीच्या वजिराचं डोकं उडवायचा हुकूम दिला. ते साल १४८१. (पत्रलेखनावर ग्रंथ लिहिणारा माणूस त्यानं न लिहिलेल्या पत्रापायी मेला.) मग त्याची संपत्ती जप्त करायला गेले, तर खजिन्यात फारसं काही निघालंच नाही. स्वतःचा खर्च तो स्वतःच्या व्यापारातून भागवायचा, राज्याकडून मिळालेलं उत्पन्न सैन्यावर आणि गरिबांवर खर्च करायचा. दोन्ही पैसे एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत, हा नियम.

हे वाचून मला त्याच्याबद्दल आदर वाटला, तो अजूनही आहे. पण खाती स्वच्छ असली तरी त्या वहीत एक माणूस नोंदलाच गेला नव्हता. युद्धाची कारणं नोंदलेली आहेत : संगमेश्वरची जहाजं व्यापाऱ्यांना लुटत होती, शिवाय वीसेक वर्षांपूर्वी याच जंगलात शिर्क्यांनी बहामनी फौजेची कत्तल केली होती. गावानची पत्रंही टिकली आहेत, त्यांत कोकणच्या मोहिमेबद्दल मजकूर आहे. समोरच्या बाजूच्या साध्या माणसाचं मात्र एकही पत्र नाही. ज्यानं मिळवलं त्याची इमारत उभी राहते. ज्यानं गमावलं त्याच्या नावाचा मिनार कोण बांधणार?

आणखी एक गोष्ट मला स्वतःशी मान्य करायला हवी. आजोळी या युद्धाची आठवण कुणालाच नाही. संगमेश्वर म्हटलं की लोक १६८९ सांगतात, संभाजीराजांना पकडलं ते. नाहीतर कसब्याचं कर्णेश्वराचं देऊळ दाखवतात. १४७०-७२ मला आजीनं नाही, पुस्तकानं सांगितलं. म्हणजे मला वारशात जखम मिळालेली नाही. मग मला रागावायचा हक्क आहे का? मला वाटतं, राग नाही, पण लक्षात ठेवण्याचा हक्क आहे, आणि तो आजोळ तिथलं असण्यावर अवलंबून नाही. कोल्हापूरच्या किंवा थेट कोलकात्याच्या माणसालाही तो तितकाच आहे.

कोलकाता उगाच म्हटलं नाही. नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी १७४०च्या दशकात बंगालवर वर्षानुवर्षं स्वाऱ्या केल्या. तिथं अजूनही बाळाला निजवताना ‘बर्गी’ आले म्हणून सांगतात. ते बर्गी म्हणजे आपले लोक. उद्या एखादी बंगाली मुलगी महालातल्या भोसल्यांच्या खुणा बघायला आली, तिथल्या लाकडी कोरीवकामापुढे थांबली, तर तिनं काय करावं असं मला वाटेल? तिनं ते काम नाकारू नये. आणि तिची अंगाई विसरावी असंही मी तिला सांगू शकणार नाही. मी तिला जे सांगू शकत नाही ते बिदरमध्ये स्वतःला कसं सांगणार?

तेव्हा मी दोन्ही खाती उघडी ठेवलीत. हे तसं सोयीचं नाही. दोन्ही खाती उघडी ठेवणारा माणूस कुठल्याच गटाला आवडत नाही. मदरशाचं कौतुक केलं की एक गट रुसतो, संगमेश्वरचं नाव काढलं की दुसरा. पण निळी फरशी बघताना माझे डोळे निवले हेही खरं, आणि ती बसवली जात असताना माचाळच्या रानात माणसं मरत होती हेही. दोन्ही वाक्यं मी एका दमात म्हणू शकते, मध्ये ‘पण’ न घालता.

फाटकाजवळ पुरातत्त्व खात्याचा फलक आहे. तसले फलक जे सांगतात तेवढंच तोही सांगतो. माझ्या हातात असतं तर त्यावर मी एक ओळ वाढवली असती, की हा मदरसा पूर्ण होत होता तेव्हा त्याचा कर्ता कोकणात लढत होता. आणि विशाळगडावरही एक ओळ लावली असती, की हा किल्ला घेणाऱ्यानं बिदरला छत्तीस खोल्यांचा मदरसा बांधला. चौकातल्या त्या मुलींना मी विचारलं, अभ्यासक्रमात गावान आहे का? हायलायटरवाली म्हणाली, “आहे ना. दोन मार्कांना.”