भात्यावरचा हात

बसायला विशेष काही लागत नाही. पाठ टेकली तरी चालेल, डोळे उघडे राहिले तरी चालेल. कान तेवढे रिकामे हवेत.

शिरूरहून निघालेला रस्ता मनात घ्या. न्हावरे, मग भीमा ओलांडून पारगाव, केडगाव. दोन्ही अंगांना ऊस. गुऱ्हाळ चालू असेल तर उकळत्या रसाचा वास गाडीच्या काचा लावल्या तरी आत येतो. हा रस्ता चौफुल्याला पुणे–सोलापूर महामार्गावर येऊन मिळतो. दौंड तालुक्यातला हा नाका संगीत बारीच्या थिएटरांसाठी महाराष्ट्रभर ठाऊक आहे. चला, आत जाऊ. लावणी रंगात आली आहे, सगळ्यांच्या नजरा घुंगरांवर आहेत. तुमची नजर मात्र सावकाश बाजूला न्या, जिथे ढोलकी, तबला आणि पेटी घेऊन मंडळी बसली आहेत.

पेटीमास्तरांचा उजवा हात पट्ट्यांवर फिरतोय. तो बघू नका. डावा हात बघा, भात्यावरचा. या हातातून एकही सूर निघत नाही. तो नुसता पुढे-मागे होतोय. थोडं थांबा, बघत राहा. गाणारीने शब्द लांबवला की भाता अलगद चालतो. ढोलकी समेवर येताना तो किंचित जोर लावतो, आणि तोच सूर अंगावर येतो. चाल उजव्या हाताची असेल, तिच्यातला दम डाव्याचा आहे. गवयाला श्वास असतो तसा पेटीला हा हात.

तो हात मनात तसाच चालू ठेवा आणि माझ्याबरोबर लांब या.

अमेरिका, न्यू जर्सी राज्य, एंगलवुड क्लिफ्स. 20 एप्रिल 1960. रूडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओत तीन माणसं बसली आहेत. पियानोवर होरेस पार्लन, बासवर जॉर्ज टकर, ड्रमवर अल हेअरवुड. ब्लू नोट कंपनीच्या या तबकडीचं नाव ‘अस थ्री’. आम्ही तिघं, एवढंच. जॅझमध्ये हार्ड बॉप म्हणतात तो हा बाज: बीबॉपची करामत, पण पाय ब्लूजमध्ये आणि चर्चच्या गाण्यात रोवलेले.

पार्लन 1931 साली पिट्सबर्गमध्ये जन्मले. पाचव्या वर्षी पोलिओ झाला आणि उजवा हात अर्धवट लुळा पडला. पियानो सुरू झाला तो त्या हाताला व्यायाम म्हणून. पियानोवर बहुतेक जण उजव्या हाताने चाल दौडवतात आणि डाव्याने आधार देतात; यांचा उजवा धावणारा नव्हता. तेव्हा डाव्याने जास्तीचं काम उचललं, आणि उजव्याने थोड्या सुरांचे गठ्ठे करून ते नेमक्या जागी ठेवायचे, असं काही तरी घडत गेलं. पुढे बासवादक चार्ल्स मिंगससारख्या कडक माणसाच्या ताफ्यात ते वाजवत होते. 1959 च्या ‘मिंगस आह उम’ या तबकडीवर त्यांचा पियानो आहे. अपंगत्वावर मात वगैरे वर्तमानपत्री भाषा इथे नको. पोलिओने त्यांना काही दिलं नाही. दिलं ते रियाजाने.

आता ‘अस थ्री’ची पहिलीच चीज लावा, शीर्षकाची. एका वेळी एकच ऐकायचं. आधी हेअरवुड. ड्रमवर काठ्या नाहीत, तारांचे ब्रश आहेत, खरखर ऐका. मग टकरचा बास. तीच आकृती, पुन्हा तीच, पुन्हा तीच. कंटाळा येतो का, बघा. आला तर येऊ द्या, उठू नका. कंटाळा थोडा पुढे सरकला की त्याच आकृतीचं वजन वाढलेलं जाणवेल. तिच्यात काही बदललेलं नसतं. तुमचं वाट पाहणं बदललेलं असतं.

चौफुल्याजवळ दौंडसारखं जंक्शन आहे म्हणून इथे आगगाडीच्या चाकांची आठवण काढायचा मोह होतो. काढू नये. ती खडखड रुळांच्या सांध्यांची होती, आणि रूळ वेल्ड करून लांबच लांब जोडायला लागल्यापासून ती बरीचशी गेलीही. शिवाय चाक कुणाची वाट बघत नाही. टकर बघतो. ढोलकीवालाही बघतो: नाचणारीची टाच पडेपर्यंत थाप केसभर मागे धरतो. ग्रूव्ह म्हणा, ठेका धरणं म्हणा, तो त्या केसभर अंतरात असतो. यंत्राला अचूक वाजवता येतं. अदबीने थोडं मागे राहणं माणसाचं काम.

आता पियानो ऐका. पार्लन एक तुकडा उचलतात आणि सोडत नाहीत. पुन्हा ठोकतात, पुन्हा. इतर कुणी एव्हाना चार नवे डाव टाकले असते. इथे डाव तोच, दाब वेगळा. या क्षणी तो भात्यावरचा हात आठवा. पेटीमास्तरांचा डावा भात्यात अडकलेला, म्हणून चाल एकाच हाताची. पार्लनचा उजवा अडलेला. वाद्यं वेगळी, अडचणी उलट बाजूंच्या. तरी दोन्हीकडे ज्या हाताच्या वाट्याला कौतुक येत नाही, त्याच्याच जोरावर बैठक उभी आहे. आपण ‘वाहवा’ नेहमी दुसऱ्याच हाताला देऊन येतो.

थोडा वेळ काहीच लावू नका.

मग ‘वेडिन’ लावा, पार्लन यांचाच ब्लूज. कुठे पोहोचायची घाई नाही. पाय आपोआप हलायला लागेल, त्याला अडवू नका. तो कुणाबरोबर हलतोय एवढं बघा. माझा बहुतेक वेळा पियानो सोडून टकरच्या मागे जातो, आणि पार्लन यांची त्याला हरकत नसावी असं त्यांच्या वाजवण्यावरून वाटतं.