कृतज्ञतेचे कर्ज आणि गुप्तहेराचा विवाह

रहस्यकथेचा वाचक मोठा हिशेबी असतो. प्रेत कोठे सापडले, दार आतून बंद होते काय, विष कोणी व केव्हा घातले, या प्रश्नांचा उलगडा लेखकाने लबाडी न करता करावा, असा त्याचा अलिखित करार असतो आणि त्या करारात प्रीतीचे कलम नसते. अमेरिकन लेखक एस. एस. व्हॅन डाइन यांनी १९२८ साली रहस्यकथेचे वीस नियम जाहीर केले, त्यांत प्रेमप्रकरणास मज्जाव करणारा नियम तिसराच होता. अशा काळी डोरोथी सेयर्स यांनी, १९२३ पासून वाचकांच्या परिचयाचा झालेला आपला उमराव गुप्तहेर लॉर्ड पीटर विम्झी, १९३० च्या ‘स्ट्राँग पॉयझन’मध्ये हॅरिएट वेन या लेखिकेच्या प्रेमात पाडला आणि वाचकांत दोन तट पडले.

एका तटाची फिर्याद अशी की, बाई स्वतःच्याच नायकावर भाळल्या आणि तपासाचे मातेरे झाले, समीक्षिका क्यू. डी. लीव्हिस यांनी तर १९३७ साली ‘स्क्रूटिनी’ या नियतकालिकातून शेवटच्या कादंबऱ्यांची अशी कडक हजेरी घेतली की, त्यांतील विद्वत्तेचा आवही सुटला नाही. दुसऱ्या तटाला गुन्हेगाराचे नाव विसरले तरी चालते. हॅरिएटने होकार कोठे दिला, हे मात्र मुखोद्गत असते.

प्रीती आणि तपास ही दोन स्वतंत्र खाती आहेत, हे उभय पक्षांचे गृहीत मला ग्राह्य वाटत नाही. पूर्वीच्या प्रियकरास सोमल घातल्याच्या आरोपाखाली हॅरिएट तुरुंगात असताना पीटर पहिल्याच भेटीत तिला मागणी घालतो, पुढे तिला फाशीपासून सोडवतो, आणि तरीही ती नकार देते; कारण प्राणदात्याशी विवाह म्हणजे आजन्म कर्जफेड, हे ती जाणते. त्याच पुस्तकात लग्न लावून नायकास निरोप देण्याचा सेयर्स यांचा बेत या अडचणीपाशीच फसला.

१९३५ च्या ‘गॉडी नाइट’मध्ये खून नाही, ऑक्सफर्डच्या एका काल्पनिक स्त्री-महाविद्यालयातील निनावी पत्रांचा व नासधुशीचा छडा आहे. पुरावा दडपल्यामुळे नवऱ्याची पदवी गेली आणि त्याने जीव दिला, म्हणून ते कृत्य उघडकीस आणणाऱ्या विदुषीचा सूड घेणारी बाई हा त्या गुन्ह्याचा उगम होय. हृदयाची निष्ठा मोठी की सत्याची, हाच पेच त्या बाईला गुन्ह्याकडे आणि हॅरिएटला निर्णयाकडे नेतो. हॅरिएटने अर्धवट सोडलेल्या सुनीताच्या आठ ओळी तपासाच्या कागदपत्रांतून पीटरच्या हाती पडतात आणि उरलेल्या सहा तो लिहून देतो. उपकारकर्ता येथे प्रथमच समान पायरीवर येतो. अखेरची मागणीही दोघांच्या अंगावर विद्यापीठाचे झगे असताना, पदवीदानाच्या लॅटिनमध्ये होते. १९२० साली ऑक्सफर्डने स्त्रियांना प्रथम पदव्या दिल्या, तेव्हा त्या मानकऱ्यांत सेयर्स स्वतः होत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या भाषेचे वजन कळते.

१९३७ च्या ‘बसमन्स हनिमून’मध्ये लग्न आरंभीच उरकते आणि तळघरातील प्रेताचा नवदांपत्याच्या प्रश्नाशी तितका जैव संबंध राहत नाही, तेथे फिर्यादींचा दावा बव्हंशी मंजूर करावा लागेल. तेव्हा निवाडा पुस्तकागणिक व्हावा आणि कसोटी एकच असावी: प्रीती वगळली असता गुन्ह्याचा अर्थ शाबूत राहतो काय? राहत असेल, तर व्हॅन डाइन यांचा तिसरा नियम खुशाल लागू करावा.