सावली कुणाच्या डोक्यावर?

शहापूरहून किन्हवलीमार्गे मुरबाडला भर दुपारी दुचाकीवरून निघालं की झाडीचा पट्टा येताच अंगाची काहिली कमी होते. झाड ऊन अडवतं, शिवाय मुळांनी ओढलेलं पाणी पानांतून वाफेच्या रूपात सोडतं आणि त्यासाठी लागणारी उष्णता आसपासच्या हवेतून घेतं. पुढे माळ लागला की पुन्हा डांबराची धग. म्हणूनच तोडलेल्या झाडाच्या बदल्यात इतकी रोपं, हा हिशेब ऐकला की मी अस्वस्थ होतो.

शहरी भागातल्या झाडांच्या जतनाचा आपला कायदा १९७५चा. २०२१च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांपलीकडची झाडं वारसा वृक्ष ठरली. असं झाड तोडायचंच झालं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावावी लागतात. दुरुस्ती चांगलीच आहे. पण ऐंशी वर्षांच्या वडाखाली टेकणाऱ्या माणसाला त्या ऐंशी रोपांची सावली पुढची कित्येक वर्षं मिळत नाही, आणि रोपं दूर डोंगरावर लागली तर कधीच नाही.

आसनगाव स्टेशनाबाहेर मे महिन्यात करवंदांच्या पाट्या घेऊन बसणाऱ्या ठाकूर-कातकरी बाया, एसटीची वाट बघणारे म्हातारे, नाक्यावर कामासाठी थांबलेले मजूर. ऊन यांच्या डोक्यावर. काचा वर करून एसीत जाणाऱ्याला कडेचं झाड गेल्याचं कळतही नाही. १६ एप्रिल २०२३ला खारघरच्या उघड्या मैदानावरच्या सोहळ्यात उन्हाने १४ माणसं गेली. सावलीला सुशोभीकरण म्हणणं तेव्हाच थांबायला हवं होतं.

आमच्या भागाने शहराला गारवा पुष्कळ दिला आहे. १८९२च्या तानसा धरणाचं आणि भातसाचं पाणी मुंबईला जातं. त्याच शहापूर तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरकडे डोळे लावून असतात. पाण्याच्या वाटपातला हा अन्याय सावलीच्या बाबतीत तरी होऊ नये.

शहापूर आणि मुरबाड, दोन्हीकडे आता नगरपंचायती आहेत आणि गावं झपाट्याने काँक्रीटची होत आहेत. झाड तोडायची परवानगी देताना दुपारी त्याखाली कोण बसतं, हेही बघावं. नवी झाडं आधी एसटी स्टँड, बाजार, शाळा आणि दवाखान्यापाशी लावावीत: करंज, कडुनिंब, चिंच, जागा असेल तिथे वड. खोडाभोवती माती उघडी ठेवावी. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी घालायला माणूस नेमावा आणि त्याची मजुरी लागवडीच्या खर्चातच धरावी.