शाळेतील मुलाचे मौन

शाळेत मुलाला वळण लागावे, याविषयी कोणाचे दुमत नाही. पण वळण लावताना मुलाच्या जिभेवरही शाळेची मालकी चालते काय, हा खरा प्रश्न आहे. बोलू न देणे हा जसा जुलूम, तसाच मनात नसलेले बोलायला लावणे हाही जुलूमच, असे आम्हांस वाटते.

केरळात १९८५ साली असे घडले. यहोवाचे साक्षी या ख्रिस्ती पंथातील तीन भावंडे शाळेत राष्ट्रगीताला सर्वांबरोबर अदबीने उभी राहत, पण तोंडाने ते म्हणत नसत. त्यांची श्रद्धा आड येई. विधानसभेत प्रश्न निघाला, चौकशी झाली. मुले कायद्याने वागणारी आहेत, त्यांनी अनादर केलेला नाही, असेच चौकशीत निघाले. तरीही त्यांना शाळेतून काढले! उच्च न्यायालयातही दाद लागली नाही.

अखेर १९८६ च्या ऑगस्टात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी व दत्त यांनी निकाल दिला. राष्ट्रगीत म्हटलेच पाहिजे असा कायदा नाही. जो मानाने उभा राहतो, तो गप्प राहिला म्हणून अनादर होत नाही. घटनेच्या १९ व्या व २५ व्या कलमांनी दिलेले स्वातंत्र्य या मुलांनाही आहे. सबब त्यांना शाळेत परत घ्यावे.

आता कोणी म्हणेल, अशाने उद्या पोरे मास्तरांना जुमानायची नाहीत. शंका रास्त आहे. पण मर्यादा कायद्यातच आहे. १९७१ च्या कायद्याने राष्ट्रगीत चालू असता मुद्दाम अडथळा आणणे हा गुन्हा आहे. तोच न्याय वर्गालाही लावावा. एकाच्या वागण्याने दुसऱ्याचे गाणे वा अभ्यास मोडत असेल, तर मास्तरांनी त्याला जरूर आवरावे. पण जो कोणाचे काहीच मोडत नाही, त्याला कशाबद्दल शिक्षा?

शिवाय, धाकाने म्हणवलेल्या शब्दांत आदर आहे की नुसती भीती, हे मास्तरांना तरी कसे कळावे? मुलाच्या हाती टाळ देता येतो. भजनाची गोडी काही हातात देता येत नाही. ती ज्याची त्याला लागावी लागते. देशप्रेमाचेही तसेच.

म्हणून पोर गप्प राहिले, तर छडी उचलण्याआधी त्याला जवळ घेऊन विचारावे, "बाळा, का रे?" आणि ते सांगेल ते शेवटपर्यंत ऐकून घ्यावे.