वाक्यच उत्तर सांगतं

‘यंदा पाऊस उशिरा आ__, त्यामुळे पेर__ लांबल्या.’ हे वाक्य वाचताना मराठी माणूस अडखळत नाही. ‘आला’ आणि ‘पेरण्या’ हे शब्द आपोआप जागेवर येऊन बसतात. ‘पेरणी’ की ‘पेरण्या’ हा प्रश्नसुद्धा पुढच्या ‘लांबल्या’ने परस्पर सोडवलेला असतो. त्यासाठी नियम आठवावा लागत नाही.

परदेशी विद्यापीठात जाऊ पाहणारी मुलं हल्ली इंग्रजीत नेमकं हेच करायला शिकत असतात. ड्युओलिंगो इंग्लिश टेस्टमध्ये एक परिच्छेद समोर येतो. त्याचं पहिलं आणि शेवटचं वाक्य अखंड असतं, मधल्या वाक्यांतल्या कित्येक शब्दांचा मात्र उत्तरार्ध काढून टाकलेला असतो. जितकी अक्षरं गाळली तितकी रिकामी घरं, आणि ती भरायला तीन मिनिटं. जानेवारी २०२६पासून टोफेलच्या नव्या स्वरूपातही असाच प्रश्न आला आहे.

असा प्रश्न दिसला की आपल्या मुलांना शाळेतलं ‘गाळलेल्या जागा भरा’ आठवतं. त्या प्रश्नाचं उत्तर पाठ्यपुस्तकातल्या एखाद्या ओळीत असायचं. ओळ पाठ असेल तर गुण हमखास मिळायचे. म्हणून इथेही पहिला हात शब्दांच्या यादीकडे जातो. रोज नवे शब्द, त्यांचे अर्थ, त्यांची घोकंपट्टी सुरू होते. या मेहनतीबद्दल मला आदर आहे, आणि म्हणूनच ती चुकीच्या जागी खर्च होताना पाहवत नाही. या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा यादीत नसतं, ते समोरच्या वाक्यात असतं.

या प्रश्नप्रकाराचा उगमही हेच सांगतो. १९५३ साली विल्सन टेलर या अमेरिकी संशोधकाने मजकुरातले ठरावीक अंतरावरचे शब्द गाळून ते वाचकांकडून भरून घेतले. त्याला वाचकाची परीक्षा घ्यायची नव्हती, मजकूर किती सुबोध आहे हे मोजायचं होतं. पुढे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत क्रिस्टिन क्लाइन-ब्रेली आणि उलरिश राट्झ यांनी ‘सी-टेस्ट’ तयार केली. तिच्यात दुसऱ्या वाक्यापासून दर दुसऱ्या शब्दाचा उत्तरार्ध गाळायचा, असा दंडक होता. आजच्या परीक्षांतला प्रश्न हा त्याच घराण्यातला आहे. त्यामागचं तत्त्व साधं आहे. भाषा एकच गोष्ट अनेक ठिकाणी सांगून ठेवते. काळ क्रियापदात असतो, तसा ‘काल’, ‘पूर्वी’ अशा शब्दांतही असतो. वचन नामात असतं आणि क्रियापदातही. एक खूण पुसली तरी दुसरी शिल्लक राहते. ती उरलेली खूण आपल्याला दिसते का, हे ही परीक्षा पाहते.

एक उदाहरण घेऊ. टी आणि एच ही दोन अक्षरं दिली आहेत, पुढे दोन घरं रिकामी आहेत. दॅन, देन, दिस, दॅट, दे, देम, असे निदान सहा शब्द तिथे बसतात. शब्दसंग्रह कितीही मोठा असला तरी तो यातून एक निवडून देणार नाही. पण मागे ‘बिगर’ किंवा ‘मोअर’ असा तुलनेचा शब्द असेल तर ‘दॅन’कडे लक्ष जातं. पुढे लगेच क्रियापद असेल आणि मागच्या वाक्यात अनेक माणसांचा उल्लेख असेल, तर ‘दे’ येणार हे कळतं.

मराठी मुलांचे गुण जातात तेही बहुधा अशाच लहान शब्दांपाशी. लांबलचक शास्त्रीय शब्द ती बिनचूक भरतात, पण ‘द’, ‘ऑफ’, ‘टू’ यांच्यापाशी थबकतात. त्याला कारण आहे. नामाआधी उपपद लावण्याची सवय मराठीला नाही, आणि इंग्रजीत जे काम नामाच्या आधीचे छोटे शब्द करतात ते आपल्याकडे नामाला मागून चिकटणारे प्रत्यय करतात. ही बुद्धीची कमतरता नाही. तो सवयीतला फरक आहे, आणि सवय लावून घेता येते.

त्यासाठी सराव असा करावा. आपल्याला आवडेल त्या विषयावरचा इंग्रजी परिच्छेद घ्यावा. तो कागदावर उतरवताना दुसऱ्या वाक्यापासून एकाआड एक शब्द अर्धा ठेवावा. कागद बाजूला ठेवून दोन-तीन दिवसांनी हाती घ्यावा. आधी पूर्ण परिच्छेद रिकाम्या जागांसकट वाचावा, विषय आणि काळ ओळखावा, मगच लिहायला सुरुवात करावी. शेवटी प्रत्येक चुकीपुढे कारण नोंदवावं. अर्थ कळला नाही, व्याकरण निसटलं, की स्पेलिंग चुकलं? या तीन चुकांवर तीन वेगळे उपाय आहेत. नुसते ‘इतके बरोबर, इतके चूक’ मोजून यातलं काहीच हाती लागत नाही.

मराठीत रिकामी जागा आपल्याला अडवत नाही, कारण लहानपणापासून असंख्य वाक्यं आपल्या कानांवरून आणि डोळ्यांखालून गेली आहेत. तिथे कुणी आपल्याकडून याद्या पाठ करून घेतल्या नव्हत्या. म्हणजे उरलेल्या खुणांवरून गेलेलं ओळखण्याची शक्ती प्रत्येकात आधीपासूनच आहे. ‘मला इंग्रजी येतच नाही’ म्हणणाऱ्या मुलाला आधी हे सांगायला हवं. त्याला नवी बुद्धी नको, इंग्रजी वाक्यांचा सहवास हवा. परीक्षेला अवधी असेल तोवर रोज एक परिच्छेद अर्थ लावत, मोठ्याने वाचावा. तो सहवास वाढेल तशी घरं भरण्याची घाई कमी होईल आणि अचूकपणा वाढेल.